बावची ऊन ओढते

श्री
मोहर्ली, ता. १२ फेब्रुवारी २००७

ती. गोकुळा मावशीस,
भाग्यश्रीचा सा. न. वि. वि.

आधी चांगली बातमी. रिसॉर्टच्या स्वयंपाकघरातून मला काढलं. घाबरू नकोस, काढून समोरच्या काऊंटरवर बसवलं आहे. पाहुणे आले की नावं लिहायची, खोलीची किल्ली द्यायची, सकाळी वाघ बघायला जिप्सी कधी निघेल ते सांगायचं. इतकी वर्षं भांडी घासून आता खुर्ची मिळाली तर नीट बसताच येईना, सारखी उठून उभी राहते.

पण खुर्ची उसनी आहे. मॅनेजरसाहेबांनी स्पष्टच सांगितलं की काम चांगलं करतेस, पण पाहुण्याला पहिलं तोंड तुझं दिसतं आणि तोंडावर हे नकाशे. वांग म्हण, उन्हाचे डाग म्हण, नाकाच्या दोन्ही बाजूंची लाली म्हण; तलावाच्या पाळीवर मासोळ्या वाळवून वाळवून आलेलं आहे सगळं. मे महिन्याच्या गर्दीआधी चेहरा सुधारला नाही तर परत भांड्यांकडे. मला परत जायचं नाही, मावशी. हे दुसऱ्या कोणाजवळ बोलत नाही.

म्हणून चंद्रपूरच्या एका पार्लरात गेले. तिथे प्रकाशाची मशीन आली आहे. डोळ्यांवर काळा चष्मा बांधतात, गालाला थंडगार जेल लावतात, काचेची चपटी पट्टी टेकवतात आणि बटण दाबतात. मिटल्या डोळ्यांतही वीज चमकते आणि गालावर रबर ताणून सोडल्यागत चटका बसतो. केस जळाल्याचा वास येतो. मशीन चालवणारी ताई म्हणाली की हा प्रकाश काळा रंग शोधत जातो. डाग आधी आणखी काळे पडले, मग मोहरीसारखे कण होऊन गळले. फरक आहे थोडा. पुढची खेप होळीनंतर. तोवर उन्हात जायचं नाही आणि तोंडाला काही लावायचं नाही, असं तिने बजावलं आहे.

मावसाजींना नमस्कार, तुझ्या डिंपलला एक चिमटा. माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
भाग्यश्री


श्री
बोडीटोली, ता. पोंभुर्णा
२२ फेब्रुवारी २००७

चि. भाग्यश्री हीस,
गोकुळा मावशीचे अ. उ. आ.

तुझं पत्र डिंपलने मोठ्याने वाचलं. शेजारची रुखमाही येऊन बसली होती. तिच्या गालांवर लेक झाली तेव्हापासून वांग आहे, त्यामुळे मशीनचं आलं तसे तिचे कान टवकारले. तुझे मावसाजी तर गावभर सांगत सुटले आहेत की आमची पोरगी वाघाच्या हापिसात सायबीण झाली. तू फार फुगू नकोस, ते डिंपलच्या बकरीचंही असंच कौतुक करतात.

मला मात्र ते प्रकरण पटलं नाही. आभाळातली वीज माणूस टाळतो आणि तू तिला बोलावून तोंडावर घेतेस. तुझी आई गेली तेव्हा तू पाळण्यात होतीस. तुझ्या तोंडाला पहिलं तेल मी चोळलं, म्हणून बोलायचा हक्क आहे.

दसरू वैदूकडे जाऊन आले. माझ्या पायावरचा पांढरा डाग तुला आठवत असेल. त्याच्या बावचीच्या बियांच्या तेलाने तो असा भरला की आता शोधून सापडत नाही. मी त्याला म्हटलं की पोरीचे डाग तर काळे आहेत. तो म्हणे, डाग काळा राहो का पांढरा, बावची चामड्याले एका रंगाचं करते, तू नेऊन त दे तिले. माझ्या पायाचा अनुभव आहे, म्हणून विश्वास ठेवला. आपल्या गावच्या धनराजची सुट्टी संपली, उद्या तो जिप्सी चालवायला मोहर्लीला परत येतो आहे. बाटली त्याच्या हाती देते.

एक जपायचं. बावची ऊन ओढते. रात्री लावायचं, सकाळी चहा उकळेपर्यंत कोवळ्या उन्हात तोंड धरायचं आणि मग दिवसभर सावली सोडायची नाही. पत्रू गुराख्याने पायाला लावलं आणि भर दुपारी शेताच्या धुऱ्यावर झोप काढली. त्या दिवशी काही झालं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी पायाचं साल उकडलेल्या बटाट्यासारखं निघालं.

जेवत जा वेळेवर. आमचा जीव तुझ्यात आहे, एवढं ध्यानात ठेव.

तुझी मावशी,
गोकुळा


श्री
मोहर्ली, ता. १२ मार्च २००७

ती. गोकुळा मावशीस,
भाग्यश्रीचा सा. न. वि. वि.

तेल मिळालं आणि त्याच रात्रीपासून सुरू केलं. सकाळी स्वयंपाकघरामागच्या भिंतीशी तोंड वर करून उभी राहते. आचारी म्हणतो, ही पोरगी सूर्याले पाणी द्यायचं विसरून नुसतंच तोंड दाखवून राह्यली. गाल दिवसभर कोमट असतात, थोडी खाज सुटते. चेहरा सगळाच काळवंडला आहे, पण एकसारखा दिसतो, त्यामुळे बाटलीचा गुण आला असं मी धरून चालले आहे.

परवा मशीनची दुसरी खेप. ताई विचारणार की काही लावलं का, ऊन घेतलं का. मी नाही म्हणणार. गावठी औषधाचं नाव काढलं की ही माणसं नाक मुरडतात, वरून खेप पुढे ढकलतील, आणि पुढे ढकलली की मे उजाडेल. एवढ्याशा खरेपणापायी खुर्ची घालवायची माझी तयारी नाही. आणि तू ज्या उन्हाचा धाक घातलास ते तिथे येणार कुठून? खोलीत एसी, खिडक्यांना काळे पडदे. चंद्रपुरात ऊन शिरत नाही अशी तेवढी एकच जागा असेल.

काळजी करू नकोस म्हटलं तरी तू करणारच, तेव्हा बेताने कर.

तुझी,
भाग्यश्री


मोहर्ली, ता. २९ मार्च २००७

प्रिय दिव्यानी,
स. न. वि. वि.

तू माझी मामेबहीण आणि गडचिरोलीला नर्सिंग शिकतेस, म्हणून तुला खरं लिहिते. माझा चेहरा भाजला आहे.

मशीनचा पहिला चटका बसला तेव्हाच कळलं की हा मागच्यासारखा नाही. ताई थांबली, पुन्हा विचारलं की काही लावलं होतं का. मी नाही म्हटलं आणि चालू ठेवा म्हटलं. जास्त दुखतंय म्हणजे जास्त काम होतंय, असं मला वाटलं. तिनेही चालू ठेवलं. संध्याकाळपर्यंत डोळे उघडेनात. दोन्ही गालांवर आणि कपाळावर फोड आले, तेही पट्ट्यापट्ट्यांनी, त्या काचेच्या मापाचे. आता खपल्या धरल्या आहेत आणि खालची कातडी कुठे पांढरी, कुठे काळी.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना मी बावचीचं सांगितलं. ते म्हणाले की त्या बियांनी चामडी उजेडाला हळवी होते, त्यात रोज सकाळी ऊन घेऊन मी ती आणखी काळी केली, आणि मशीनचा प्रकाश तर काळाच शोधतो. ऊन काय नि मशीन काय, चामडीला दोन्ही उजेडच. डाग किती जातील ते वर्षभराने कळेल म्हणतात. मॅनेजरसाहेबांनी मला कपडे धुण्याच्या खोलीत पाठवलं आहे. मी ओढणी बांधून वावरते आणि तिथला आरसा भिंतीकडे वळवून ठेवला आहे.

तुझ्या गोकुळा आत्याला यातलं अक्षर कळवू नकोस. जिने मला वाढवलं तिच्याच हातचं तेल हे तिला कळलं तर ती अन्नाला शिवायची नाही. मशीन बिघडली होती असं मी तिला लिहिणार आहे. तू रागावशील, पण मला एवढंच सुचतं.

आठवण काढत जा.

तुझीच,
भाग्यश्री


श्री
मोहर्ली, ता. १ एप्रिल २००७

ती. गोकुळा मावशीस,
भाग्यश्रीचा सा. न. वि. वि.

गालाला थोडं पोळलं आहे. धावत येऊ नकोस, मोठं काही नाही. पार्लरातली मशीनच बिघडलेली होती, सगळे तेच म्हणतात. तुझ्या तेलाचा यात काडीचा दोष नाही. उलट पोळल्यावर तेच लावलं तेव्हा कुठे थंड वाटलं.

चेहरा बरा होईपर्यंत मी आतल्या कामाला आहे. काऊंटरवर अजून कोणाला बसवलेलं नाही. उन्हं फार तापली आहेत, मावसाजींना दुपारी जाळं टाकायला जाऊ देऊ नकोस.

तुझी माया हेच माझं औषध.

भाग्यश्री


श्री
बोडीटोली, ता. १० मे २००७

चि. भाग्यश्री हीस,
गोकुळा मावशीचे अ. उ. आ.

तू येऊ नको म्हणालीस आणि मावसाजींना हिवताप, म्हणून निघता आलं नाही. धनराजला विचारलं तर तो खाली पाहून म्हणतो की ताई बरी आहे. पोरगा खोटं बोलताना नेहमी खाली पाहतो. तू मला काही लपवत असशील तर लपवू नकोस.

इकडची बातमी अशी की वीस तारखेला, रविवारी, पोंभुर्ण्याला शिबिर आहे. नागपूरचे लोक तसलीच प्रकाशाची नवी कोरी मशीन घेऊन येणार आहेत. डिंपल जाणार. बारावीचा पेपर चांगला गेला आहे आणि तुझ्या रिसॉर्टची खुर्ची रिकामीच आहे, तर घरातलीच पोर बसेल. तुला वाईट वाटणार नाही हे मला माहीत आहे. तिच्या गालावरची लाली आणि पुटकुळ्यांचे डाग गेले म्हणजे झालं.

रुखमाही जाणार. ती आधी भीत होती. मी तिला तुझं पत्र वाचून दाखवलं की मशीन खराब होती, तेल नाही, तेलाने तर पोरीला थंड वाटलं. मग तयार झाली. दोघींनाही आतापासूनच बावची सुरू केली आहे, सकाळचं ऊनही देते, म्हणजे चामडी तयार राहील. सावलीची शिस्त मी स्वतः पाहते, तेव्हा त्या बाजूने घोर नाही.

दुधाची साय लावत जा गालाला. जीव तुझ्याकडे लागलेला असतो.

तुझी मावशी,
गोकुळा


मोहर्ली, ता. १६ मे २००७

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आज हाती आलं. सरपंचांचा फोन लागत नाही आणि मला रजा देत नाहीत, म्हणून धनराजला विनवून हे पत्र घेऊन धाडते.

डिंपलला आणि रुखमाबाईला शिबिराला जाऊ देऊ नकोस. मी तुला खोटं लिहिलं होतं. मशीन बिघडलेली नव्हती. बावची लावलेल्या चामडीला तो प्रकाश जाळतो, डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं. ऊन ओढते तशीच ती मशीनचा उजेडही ओढते. थंड वाटलं हेही खोटं. माझं तोंड थोडं पोळलेलं नाही, पट्ट्यापट्ट्यांनी जळलं आहे. विश्वास नसेल तर धनराजला विचार, यावेळी तो तुझ्याकडे पाहून सांगेल.

तुला दुखवायचं नव्हतं म्हणून लिहिलं नाही. तू माझ्यावर किती रागावशील ते रागाव, पण दोघींचं तेल आजच बंद कर आणि दोघींना घरी ठेव.

भाग्यश्री


बोडीटोली, ता. २० मे २००७

चि. भाग्यश्री हीस,
मावशीचा आशीर्वाद, तुला अजून हवा असेल तर.

धनराजने पत्र गुरुवारी दिलं. पहिल्यांदा मला तुझाच राग आला. वाटलं, डिंपल त्या खुर्चीवर बसणार हे तुला बघवेना. डिंपलही हेच म्हणाली आणि मी तिला गप्प केलं नाही. धनराज सगळं सांगत होता, मी त्यालाही हाकललं. इतक्या वर्षांत तुझ्याबद्दल असं कधी मनात आलं नव्हतं. ते आलं, आणि तुझ्यापासून लपवणार नाही.

मग मी डाव्या हाताला तेच तेल चोळलं आणि शुक्रवारी भर दुपारी तलावाच्या पाळीवर हात उघडा टाकून बसले. तुझे मावसाजी ओरडत होते की या बाईचं डोस्कं फिरलं काय, पण मी उठले नाही. संध्याकाळी हाताला काही नव्हतं. काल नुसता लाल होता. तेल माझ्या हातचं, ते वाईट निघू नये असंच मला वाटत होतं, म्हणून पत्रूचा पाय आठवूनही मी तो आठवला नाही असं केलं. डिंपलला म्हटलं, तुझी ताई घाबरली आहे, तू जा.

आज सकाळी उठले ती हाताच्या आगीने. कोपरापासून मनगटापर्यंत फोड तरारले आहेत. डिंपल नवी ओढणी घेऊन दारात उभी होती. मी हात तिच्यापुढे धरला. ती तिथेच उंबऱ्यावर बसली आणि रडायला लागली. तुझं नाव घेऊन रडत होती.

रुखमाला मी काहीच सांगितलं नव्हतं. तुझं मशीन बिघडल्याचं पत्र तिला मीच मोठ्या तोऱ्याने वाचून दाखवलं, आता दुसरं कोणत्या तोंडाने दाखवू, असं वाटलं. हाताचा निकाल लागू दे, मग बोलू, म्हणून तीन दिवस तोंड मिटून राहिले. सकाळी धावत गेले तर दाराला कडी. उशीर झाला तर नंबर लागत नाही म्हणून ती पहिल्याच काळीपिवळी जीपने गेली. जाताना सासूला सांगून गेली की गोकुळाबाईचं तेल काल जरा जास्तच लावलं, गुण लवकर येईल.

मावसाजी अंगात ताप असताना सायकलने तिच्या मागे गेले आणि आत्ता परत आले. शिबिराच्या फाटकाशी त्यांना अडवलं, बायांचं काम आहे म्हणून आत सोडलं नाही. त्यांनी नाव घेऊन हाका मारल्या. आतून कोणीतरी सांगितलं की त्या बाई मशीनवर आहेत.

तू मला जपायला नको होतंस, भाग्यश्री. मला रडवलं असतंस तर चाललं असतं. हे मी तुला रागाने लिहीत नाही. मीही तेच केलं, आणि मी तर कोणाला जपण्यासाठी नाही, स्वतःची लाज राखण्यासाठी केलं.

रुखमाची लेक मघापासून माझ्याजवळ येऊन बसली आहे. माय कवा येते, गोरी होऊन येते का, असं विचारून राह्यली. मी तिला हो म्हटलं.

तुझी मावशी,
गोकुळा