पाचव्या मजल्यावरची हवा

येत्या सोळा सप्टेंबरला पेर्मच्या इस्पितळात माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. मी परत येईपर्यंत अर्धा ऑक्टोबर गेलेला असेल आणि गावच्या बॉयलरवरून सगळ्या घरांची हीटिंग चालू झालेली असेल. परत आले नाही तर घराला कायमचं कुलूप लागेल. दोन्ही प्रकारे खालची चार घरं थंड राहतील. म्हणून हे लिहावं लागत आहे. एरवी मला मरणाची घाई नाही.

मी, रिम्मा प्रोखोरोव्हना व्यालिख, वय शहात्तर, रसायन अभियंता, कागद गिरणीच्या प्रयोगशाळेत चौतीस वर्षं नोकरी, राहणार नोवोबुमाझ्नी, इमारत चौदा, पाचवा मजला, फ्लॅट एकोणीस, डोकं ठिकाणावर असताना आणि कोणाचाही दबाव नसताना माझ्या मालमत्तेची व्यवस्था खालीलप्रमाणे लावते. मुलाने दबाव आणून पाहिला, पण तो फोनवरून होता.

१. फ्लॅट माझा मुलगा वादिम याला. तो त्युमेनला राहतो आणि घर विकणार आहे, हे लपवत नाही. त्याने खुशाल विकावं. मात्र घराबरोबर एक बोजा जाईल आणि तो विकत घेणाऱ्यावरही राहील. नोटरीबाईंनी तो कायद्यात बसवून दिला आहे. दरवर्षी हीटिंग चालू होईल त्या आठवड्यात पहिल्या मजल्यावरच्या स्नेझाना लोबानोव्हा हिला या घरात येऊन स्वयंपाकघरातल्या रेडिएटरमधली हवा सोडण्याचा हक्क राहील. तिला अडवू नये आणि बूट काढायला लावू नये.

कारण असं. आमच्याकडे गरम पाण्याचा एक उभा पाइप पाच स्वयंपाकघरांतून वर येतो आणि प्रत्येकातला रेडिएटर तापवतो. उन्हाळ्यात त्यात हवा शिरते आणि सगळी माझ्याकडे, सर्वांत वर, येऊन साठते. ती सोडल्याशिवाय पाणी फिरत नाही. हवा वरच साठते यात राजकारण नाही, ते भौतिकशास्त्र आहे. ती सोडण्याचं काम देखभाल कंपनीचं आहे असं कागदावर आहे. एकतीस वर्षं ते मी करते.

वादिम म्हणाला, "आई, हे तुझं काम नाही. कंपनीला फोन कर ना."

"दरवर्षी करते."

"मग काय म्हणतात?"

"विचारतात, हवा सोडली का."

२. आता गेल्या ऑक्टोबरची हकिगत, कारण पुढचं कलम तिच्यामुळे आहे. मी तीन आठवडे इस्पितळात होते आणि पहिल्याच आठवड्यात हीटिंग चालू झाली. माझी किल्ली बारा वर्षं चौथ्या मजल्यावरचे रइस वलिउलिन, निवृत्त क्रेनचालक, यांच्याकडे होती. त्यांच्या दारापासून माझ्या दारापर्यंत अठरा पायऱ्या आहेत. मी परत आले तेव्हा ते ओव्हरकोट घालून सूप पीत होते आणि त्यांच्या घरात अकरा अंश तापमान होतं.

"किल्ली हरवली का?" मी विचारलं.

"नाही हो. खिशात आहे."

"मग वर का गेला नाहीत?"

"रिम्मा प्रोखोरोव्हना, मी अर्ज केलाय. थेट मॉस्कोला. समिती येऊन गेली पण. सगळ्यांचे गॅस पेटलेले होते, त्यामुळे एकोणीस अंश निघाले. नियम अठराचा. तक्रार निराधार ठरली. म्हणून दुसरा अर्ज केला. या वेळी गॅसही बंद ठेवलाय."

"आणि हवा?"

"आपणच हवा सोडली तर घर गरम होईल. मग समितीला दाखवायचं काय, माझं तोंड?"

"ते दाखवा. निळं पडलंय."

"तुम्ही थट्टा करा. वरच्यांना ठाऊक नसतं, खालचे कळू देत नाहीत. एकदा कागदावर अकरा लागले की सगळे हलतील."

मी वर गेले आणि हवा सोडली. चार मिनिटं लागली. स्नेझाना तेव्हा घरी नव्हती. तिची आठ महिन्यांची मुलगी वार्या न्यूमोनियाने इस्पितळात होती आणि आणखी बारा दिवस राहिली. किल्ली रइस यांच्या खिशात आहे हे स्नेझानाला कोणी सांगितलंच नव्हतं.

रइस यांचे दोन्ही अर्ज मॉस्कोहून प्रांताकडे, प्रांताकडून गावाकडे आणि गावाकडून ज्या कंपनीविरुद्ध होते त्या कंपनीकडे आले. कंपनीने 'दखल घेतली आहे' असं कळवलं. अशा पत्राला आमच्याकडे वेगळा शब्दच आहे, ओत्पिस्का: लिहून वाटेला लावणं. माझ्या फाइलमध्ये अशी सेहेचाळीस पत्रं आहेत, कारण तरुणपणी मीही लिहीत असे. माझं सरकारशी भांडण नाही. या एका फ्लॅटमध्ये मी दोन देश पाहिले, आधी सोव्हिएत संघ, मग रशिया. पाइप तोच आहे.

३. सबब रइस वलिउलिन यांच्याकडची किल्ली काढून घेऊन ती स्नेझानाला देण्यात यावी. रइस यांना सेहेचाळीस पत्रांची फाइल. बऱ्याच पत्रांची मागची बाजू कोरी आहे. त्यांच्याशी मी फेब्रुवारीपर्यंत बोलत नव्हते, हे इथे नमूद करते. त्यांच्या बायकोने पाठवलेल्या पुऱ्या मात्र घेत होते.

४. शहाण्णव साली गिरणीने सात महिने पगाराऐवजी भिंतीला लावायचा कागद दिला. त्यातली अकरा भेंडोळी पलंगाखाली आहेत: तपकिरी पानं, फिकट पार्श्वभूमी. जिन्यातल्या प्रत्येक घरात तोच कागद दिसेल, कारण प्रत्येक घरातलं कोणी ना कोणी गिरणीत होतं. भेंडोळी स्नेझानाला, तिच्या खोलीत ओल आली आहे. दाचाची, म्हणजे गावाबाहेरच्या बागेची जमीन, गूजबेरीची झुडपं आणि बँकेतली शिल्लक वादिमला. तळघरातल्या बरण्या शेजाऱ्यांच्या आहेत. त्या परत कराव्यात.

५. मला पुरताना घालायचे कपडे कपाटाच्या खालच्या कप्प्यात, गाठोड्यात. भाषण नको. कंपनीचं पुष्पचक्र आलं तर त्यातल्या फांद्या हिवाळ्यात रोपांवर झाकायला वापराव्यात. संचालक स्वतः आले तर त्यांना माझ्या स्वयंपाकघरात बसवावं आणि कोट काढायला सांगावं.

हे सर्व वाचून, दोन शब्द खोडून, माझ्या हाताने सही केली आहे.

रिम्मा व्यालिख

साक्षीदार: झोया मातवेयेव्हना पेतुखोव्हा, ग्रंथपाल, इग्नात सावेलिच ड्योमिन, औषधविक्रेता. दोघांनाही माझ्याकडून काही मिळणार नाही, हे त्यांना सांगितलं आहे.

नोवोबुमाझ्नी, २९ ऑगस्ट २०१९

आज हाती दिलेल्या वस्तू

स्नेझाना लोबानोव्हा हिला: हवा सोडायची चौकोनी चावी एक, एनॅमलचा मग एक (आधी हवा येते, मग काळं पाणी, पाण्याची धार लागली की बंद करावं). मिळाल्याची सही केली. "रिम्मा मावशी, तुम्ही परत याल तेव्हा घर गरमच असेल," असं म्हणाली. वस्तू नसल्याने नोंदीत धरलं नाही.

रइस वलिउलिन यांच्याकडून परत: दाराची एक किल्ली येणं होतं. त्यांनी टेबलावर दोन ठेवल्या आणि दुसरीबरोबर कानशीने घासून स्वतः केलेली चौकोनी चावीही ठेवली. ही दुसरी किल्ली त्यांनी नोव्हेंबरमध्ये मला न विचारता करून घेतली होती. कारण विचारलं तर म्हणाले, "तुम्ही पहिली मागून घेणार हे दिसतच होतं. मग पुढच्या वर्षी वर जाणार कसा?"

पहिली किल्ली स्नेझानाला दिली. दुसरी, चावीसह, रइस वलिउलिन यांना परत केली. पोच घेतली.