मान खाली घालणारी मुलगी

चि. एसेनबेक,

शाळेच्या खिडकीबाहेर तुझा घोडा फुरफुरायचा आणि आत तू खणखणीत आवाजात कविता म्हणायचास, ते दोन्ही आवाज अजून माझ्या कानात आहेत. त्याच आवाजात काल मुलाखतीला आलेल्या माझ्या नातीला तू म्हणालास, "पोरी, स्वतःबद्दल चार वाक्यं बोलता येत नाहीत, दूध कारखान्याची प्रयोगशाळा काय सांभाळणार?"

बुरुलचा आठवडाभर आरशापुढे उत्तरं घोकत होती रे. पण समोर तुम्ही वडीलधारी माणसं पाहून तिने मान खाली घातली. मोठ्यांपुढे आपलीच फुशारकी मारायची नाही, हे आपल्या नारीनच्या डोंगराळ मुलखात पाळण्यातल्या पोरालाही कळतं. राजधानीत, बिश्केकला साहेबाची खुर्ची मिळाली आणि तू तेवढंच विसरलास? मुलीच्या अदबीला तू अडाणीपणा म्हणतोस?

थांब, दार वाजलं. सूनबाई सांगतेय, "आबा, एसेनबेक आलेत. टोपी हातात घेऊन दारातच उभे आहेत. काय काम म्हणून दोनदा विचारलं, तेव्हा कुठे 'बुरुलचाला सोमवारी कामावर पाठवा' एवढं पुटपुटले. तुमच्यासमोर यायला लाजताहेत."

तुझा मास्तर,
जुमाकादिर