आधी गाव का आधी तलाव

बाई, आज शाळेतून घरी आले आणि भाताचं आधण तसंच उतरवून लिहायला बसले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की तुम्हाला ओळखणारं कोणी आता माझ्या आसपास नाही. तरी आजची गोष्ट तुम्हालाच सांगायची आहे. दुसऱ्या कोणाला सांगितली तर ‘बरं झालं’ म्हणतील आणि चहा पितील.

मी दिघोरीकडच्या एका खेड्यातल्या शाळेत नववी-दहावीला इतिहास-भूगोल शिकवते. तुम्ही साकोलीला शिकवायच्या तेच विषय. रविवारी तुमच्या भाड्याच्या खोलीवर आम्ही मुली यायचो, ते दिवस मला अजून लख्ख दिसतात. तुम्ही स्वयंपाकघरात खाली बसून लाखोरीची भाजी निवडता आहात, मी समोर मांडी घालून नदीकाठच्या वस्त्यांचं उत्तर घडाघडा म्हणते आहे. एक शब्द चुकत नाही. तुम्ही मान वर न करता म्हणता, “हे पुस्तकाचं झालं. तुले काय दिसते ते सांग.” मला काहीच दिसत नव्हतं. मी रडले, आणि तुम्ही माझी समजूत काढली नाही. भाजीचा अर्धा ढीग माझ्याकडे सरकवला फक्त.

या वर्षी तोच धडा मी नववीला शिकवत होते. वस्ती पाण्याजवळ वसते, असं मी फळ्यावर लिहिलं, तर खिडकीजवळची एक मुलगी उठली. “मॅडम, आपला तलाव तर माणसानं बांधला ना? मंग आधी गाव होतं का आधी तलाव?” मला माहीत नव्हतं. पाचच मिनिटांत वर्गाचे दोन पक्ष झाले, गाववाले आणि तलाववाले, आणि एवढा गलका झाला की शेजारच्या वर्गातले सर दारात येऊन उभे राहिले. मी पुस्तक मिटलं. “उद्या तलावावर जाऊन पाहू,” मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही तलावावर गेलो. शेतांतली लाखोरी निघाली होती, पाणी बरंच उतरलं होतं, काठाचा गाळ भेगाळला होता. पोरं तलावाच्या पाळीवरून, त्या मातीच्या बांधावरून, खाली उतरली आणि इकडून तिकडून हाका यायला लागल्या. घराच्या छपरावरच्या कवेलूचे तुकडे. जळके दगड. आणि त्याच मुलीला गाळात अर्धा रुतलेला एक गोल दगड सापडला, मधोमध भोक असलेला. जात्याचा.

“कोणी फेकला असन,” एकजण म्हणाला.

“कवेलूबी फेकले, चुलीचे दगडबी फेकले?” ती म्हणाली. “तलावात दळाले कोण येते?”

बाई, मी त्या गाळात उभी होते, साडीची किनार चिखलात गेली होती, आणि मला मोठ्यानं हसावंसं वाटत होतं. पाण्याखाली घरं होती. हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं आणि माझ्या वर्गानं ते शोधून काढलं होतं.

मग कोणाची घरं, हे विचारत पोरं गावभर फिरली. मोठ्या घरांतून काही कळलं नाही. बौद्ध मोहल्ल्यातली एक म्हातारी आजी मात्र पोरांना पाहून खुलली. “माही आजेसासू सांगे. आपले घरं तिकडंच होते. पाळ उंच केली, पाणी चढलं, मंग आपल्याले खालच्या आंगानं बसवलं.”

“विचारलं होतं का तुमच्या लोकाईले?” त्या मुलीनं विचारलं.

“विचारून कोण उठवते, पोरी?” आजी म्हणाली, आणि सगळ्यांच्या हातावर मुरमुरे ठेवले.

त्या मुलीचे आजोबा आमच्या शाळा समितीवर आहेत. तलाव त्यांच्याच पूर्वजांनी बांधला, असं गाव सांगतं. ते ऑफिसात आले. “मॅडम, पोराईले इतिहास शिकवा. भांडणं कायले शिकवून राहिल्या?” मुख्याध्यापकांनी मला नंतर सांगितलं, की शनिवारी पालकांसमोर काय ते मांडा आणि कोर्स पुरा करा. मी घाबरले होते. स्वतःसाठी थोडी, पण त्या मोहल्ल्यातल्या पोरांसाठी जास्त. त्यांचे आईबाप आजोबांच्याच घरच्या धानाच्या बांध्यांत रोवणीला जातात. मी मुलांना विचारलं, थांबायचं का? कोणीही हो म्हणालं नाही.

आज तो शनिवार होता. आजी पुढच्या सतरंजीवर बसली होती, आजोबा खुर्चीवर. पोरांनी नकाशा लावला, तो दगड टेबलावर ठेवला. शेवटी ती मुलगी बोलायला उठली. मुख्याध्यापक म्हणाले, “निष्कर्ष सांग.”

“सर, तिथं घरं होते, एवढं पक्कं आहे,” ती म्हणाली. “कोणाचे, ते आजी सांगते. पण ती एक बाजू झाली. दुसऱ्या बाजूनं कोणी सांगूनच नाही राहिलं.” आणि तिनं आजोबांकडे पाहिलं.

सावरून घेणारं एक वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं, ते मी गिळलं.

आजोबा काठी टेकून उभे राहिले. म्हणाले, “मी सांगतो. माह्या आज्यानं मले पाळीवर नेऊन दाखवलं होतं, कोणाचं घर कुठं होतं ते. आन् म्हणला होता, घरात बोलायचं नाही.”

“बसून सांग रे,” आजी सतरंजीवरून म्हणाली. “दम लागन तुले.”

ते बसले. खुर्चीवर नाही, सतरंजीवर, तिच्यापासून हातभर अंतरावर. आणि दोघं मिळून सांगत गेले, तो कोणाच्या गुरांचा वाडगा, ती कोणाची विहीर, मध्येच एकमेकांना खोडत. पोरं नकाशावर खुणा करत राहिली. मागून एकजण म्हणाला, “म्हणजे गाव आधी. आमी जिंकलो.”

“अजून नाही,” ती मुलगी म्हणाली. “पाळ उंच केली म्हणतेत. म्हणजे बुटकी पाळ आधीच होती. ते पाहा लागन.”

सोमवारी पुन्हा तलावावर जायचं आहे, आजोबा येतो म्हणाले आहेत. हा कागद कुठल्या पेटीत टाकायचा नाही, म्हणून एक सांगून टाकते. ती “अजून नाही” म्हणाली तेव्हा मला अभिमान वाटला, असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे, बाई, आधी मला तिचा हेवा वाटला.