विमान उतरेपर्यंत

३ मार्च
माझ्या इथल्या शहरातून माहेरच्या शहराला आता थेट विमान सुरू झालंय! अंतर तेच — साडेआठ हजार किलोमीटर. पण मधला मुक्काम गेला, प्रवास अकरा तासांवर आला. आई होती तोवर दोन-दोन विमानं बदलत, बाकड्यांवर पेंगत माहेर गाठलं. आणि ती गेल्यावर रस्ता आखूड झाला. याला काय म्हणावं?
दादाचा फोन. "आईचं घर विकायचंय, सह्यांना ये. मग पुन्हा एवढ्या लांब यायची दगदग नको तुला."
काळजीनंच म्हणाला असेल. पण टोचलं.

५ मार्च
पोहोचले. आईच्या शिवणयंत्रावर धूळ. कपाटावर दादाचा शाळेतला पृथ्वीचा गोल अजून आहे. मी पहिल्यांदा परदेशी निघाले तेव्हा आईनं गळ्यातली टेप काढून त्या गोलावर लावली होती. "वीतभर तर आहे! शर्टाची बाही याहून लांब असते." आणि मग पाठ फिरवून दोरा ओवत बसली. सुई सापडत नाही म्हणाली — सुई हातातच होती.

६ मार्च
आज माझा निळा कप सापडला. कान उडालेला. त्यात चहा पिऊन मी परत निघाले की आई तो विसळायची नाही. ओट्यावर तसाच. "पोहोचले" असा माझा फोन गेला की मगच पाणी.
एकदा दादानं धुऊन टाकला. आई कडाडली — "पोर अजून हवेत आहे नि तू कप धुतोस? अक्कल कुठं गहाण टाकलीस?" मग पुन्हा चहा केला, त्याच कपात ओतला, दादाला प्यायला लावला आणि कप उष्टा ठेवला! दादा अजून माझ्यापाशी कुरकुरतो, "तुझ्या वाटणीचा चहा प्यावा लागला — तोही बिनसाखरेचा!" आज दोघं पोट धरून हसलो.
म्हटलं, टाकून दे तो आता. "बघतो," म्हणाला.

८ मार्च
सह्या झाल्या. किल्ली देताना दादाचा हात जरा रेंगाळला. माझाही.

९ मार्च
सकाळी दादाच्या घरी चहा, त्याच फुटक्या कपात. वहिनी ओशाळली — "अहो, चांगले कप आहेत ना घरात!" दादा पेपर वाचत होता.
विमानतळावर सामान उतरवून दिलं. "ये परत" म्हणाला नाही. मीही "येईन" म्हटलं नाही. घरच नाही, तर कुठं येणार?

१० मार्च
उतरले. सवयीनं आईचा नंबर काढला — आणि फोन पर्समध्ये टाकला. कुणालाच कळवलं नाही. घरी येऊन आडवी झाले.
उठले तर दादाचे फोनवर फोन. उचलताच ओरडला, "पोहोचलीस की नाही? तुझी वहिनी कालपासून त्या कपाच्या मागे लागलीय. हात लावू दिला नाहीये मी! — विसळू का आता?"