भाचीचा टॅब

३ ऑक्टोबर, सिरसाळा
आले बाई एकदाची! यांचं ट्रॅक्टर उसाच्या हंगामाला गेलं आणि मी मोहिनीला घेऊन धाकट्या भावाच्या गावी. रविराजच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात उद्यापासून बसणार. खोलीही त्यानंच बघून दिली. मोहिनी सहा वर्षांची, तोंडाला क्षणभर कुलूप नाही. बसमध्ये कंडक्टरलासुद्धा मनीमाऊची कविता ऐकवली. रविराजनं आल्याआल्या भाचीच्या हातात जुना टॅब ठेवला. टॅबच्या पाठीवर हळदीकुंकू. काल दसरा, दुकानातल्या हत्यारांबरोबर तोही पूजला असणार. भाऊ असावा तर असा!
त्याच्या लेकीकडे, प्रियदर्शनीकडे मात्र पाहवत नाही. आषाढात अचानक वाचा गेली. पोर नुसती बघत बसते.

५ ऑक्टोबर
टॅब म्हातारा, नवं काही चालेना. म्हणून कस्टम रिकव्हरी टाकली. म्हणजे कंपनीची सिस्टीम काढून आपल्याला हवी ती बसवायची वाट. त्यात आतलं सगळं पुसलं जातं. पॉवर आणि आवाजाचं बटण एकत्र दाबलं, पहिल्या झटक्यात उघडली! रविराज म्हणाला, "आक्का, तू लई हुशार हायस." टॅबला हात मात्र लावला नाही.
संध्याकाळी प्रियदर्शनी बोलली. पाणी मागितलं! भावजय वनमाला रडत माझ्या पाया पडली. माझ्या का, ते कळलं नाही.

८ ऑक्टोबर
मोहिनीचा घसा बसलाय. पाणी बदललं की व्हायचंच. टॅबनं मात्र डोकं उठवलंय. सगळं पुसलेलं, नवी सिस्टीम अजून टाकलेली नाही, तरी रिकव्हरीच्या काळ्या पडद्यामागून कुणीतरी गुणगुणतं. पुन्हा पुसलं. पुन्हा तेच.

११ ऑक्टोबर
मनीमाऊची कविता आहे ती. मोहिनीच्या आवाजात. आणि मोहिनी — नुसते ओठ हलवते.

१३ ऑक्टोबर
डॉक्टर म्हणतात, घसा स्वच्छ आहे.
वनमालाला गदागदा हलवून विचारलं, तेव्हा बोलली. दसऱ्याला टॅब प्रियदर्शनीवरून ओवाळला होता. उतारा. दुसऱ्या लेकरानं हौसेनं हातात घेतला, तरच आपलं लेकरू सुटतं. "आमी तरी काय करावं, आक्का?"
पूजेचं कुंकू नव्हतं ते. दुकान, खोली, बोलावणं, सगळं यासाठीच. ज्याला कडेवर घेऊन वाढवलं, त्यानं माझीच लेक निवडली.

१७ ऑक्टोबर
रविराज तोंड दाखवत नाही. टॅब विहिरीत टाकला. खालून माझ्या लेकीचा आवाज येत राहिला. मीच गळ टाकून वर काढला. कसा सोडू —

२१ ऑक्टोबर
निरोप धाडला. झालं गेलं विसरले, भाऊबीजेला लेकीला घेऊन ये.
टॅब मोहिनीवरून ओवाळला. नवं गुलाबी कव्हर घातलं.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज
आलेत. रविराज नजर चुकवतोय. चहाचं निमित्त करून आत आले, हे लिहितेय. टॅब पाटाजवळ ठेवलाय. दारातून दिसतं सगळं.
प्रियदर्शनी विचारत होती, "आत्या, मोहिनी कावून बोलंना?" गुणाची पोर. तिचा काय दोष — माझ्या लेकीचा काय होता —
गुलाबी कव्हर दिसलं तिला. हात पुढे — रविराज फोनमध्ये — मोहिनी मान हलवतेय, नको नको, तोंड उघडं, आवाज नाही —
मला आवाज आहे. एक हाक मारली तर पोर थांबेल. मी —