सन चौसष्टची ओरिजिनल

२९ सप्टेंबर २००२, रविवार
ठरलं. झाडीपट्टीच्या या सीझनला गुणवंतरावांच्या नाटक मंडळीत गिटार मीच वाजवणार. वडशाच्या तहसील कार्यालयात बारा वर्षं बाबूगिरी झाली, आता कलेकडे बघायला हवं. गुणवंतराव म्हणाले, पाहू ना जी प्रफुलबाबू, भाऊबीज तं होऊ द्या. म्हणजे नाही म्हणाले नाहीत. नाटकांच्या परवानगीचे कागद माझ्या टेबलावरून जातात, पण त्याचा इथे काही संबंध नाही.

अडचण एकच, घड्याळवाला जाहिद. त्याच्याकडे लाल चकचकीत इलेक्ट्रिक गिटार आहे. इंडोनेशियात बनलेली, स्वस्तातली. वाजवतो बरी. पण कॉपी ती कॉपी. जुन्या अमेरिकन गिटारीचं लाकूड वर्षानुवर्षं वाळतं आणि मग गायला लागतं, असं मी एका इंग्रजी मासिकात वाचलंय. जाहिदला समजावून सांगितलं. तो म्हणाला, असंल भाऊ, मले तं वाजवाले सोपी जाते. कलावंताने सोपी हा शब्द वापरू नये.

संकल्प: रोज पहाटे दोन तास रियाज.

६ ऑक्टोबर
रियाज झाला नाही. कारण सापडलं. माझी सध्याची गिटार कॉलेजच्या गॅदरिंगमधून उरलेली, कुठल्या कंपनीची ते तिलाही आठवत नसेल. असल्या वाद्यावर रियाज केला तर हात बिघडतो. चार वर्षांत मला तीनच कॉर्ड का आल्या, याचा उलगडा आज झाला. दोष बोटांत नव्हता.

उद्यापासून ओरिजिनलचा शोध. तोवर बोटांना विश्रांती.

१६ ऑक्टोबर, संध्याकाळ
मिळाली.

बायकोला, साक्षीला, स्कूटरवर मागे बसवून नागपूरला दीक्षाभूमीला गेलो होतो. दर्शन झाल्यावर तिला सहज म्हणून कामठीला नेलं, एका म्हाताऱ्या बँडमास्तरांकडे. गिटार सन चौसष्टची, अमेरिकेत बनलेली, मागे नंबर कोरलेला. माझ्याहून दोन वर्षांनी लहान, पण रंग माझ्याहून जास्त उडालेला. पोटाशी लाकूड उघडं पडलंय, कडेला सिगारेटचे डाग. याला इतिहास म्हणतात. मास्तरांनी वाजवून दाखवली आणि अंगावर काटा आला. खरंच आला.

बदल्यात स्कूटर दिली.

परत एसटीने. उमरेडपर्यंत साक्षी खिडकीबाहेर बघत होती. नागभीडला म्हणाली, स्कूटर चालू होती जी. मी म्हटलं, चालू होती, पण गात होती का? वडसा येईपर्यंत पुन्हा खिडकी.

२० ऑक्टोबर
स्पीकरला जोडली की गिटार गुणगुणते. वाजवली नाही तरी गुणगुणते, ट्यूबलाइट लावली की जास्तच. जुन्या ओरिजिनल गिटारीचं हे लक्षण आहे, मासिकात दिलंय. साक्षी म्हणाली, फ्रिजसारखा आवाज येऊन राह्यला, आन् फ्रिज तं आपल्याकडं नाई.

वजन भरपूर. खांदा अवघडला. तारा उंच असल्यामुळे बोटं सोलली. थोर वाद्य सहजासहजी वश होत नाही.

संकल्प: रियाज लाइट बंद करून.

२१ ऑक्टोबर
अंधारात कॉर्ड सापडत नाहीत. दिवाळीनंतर बघू.

७ नोव्हेंबर, गुरुवार
गुणवंतरावांच्या ऑफिसात आज दोघांना बोलावलं होतं. आधी जाहिदने त्याच्या लाल खेळण्यावर दोन गाणी वाजवली. नंतर मी माझ्या ओरिजिनलवर एक सुरू केलं. गुणवंतरावांनी मध्येच थांबवलं आणि विचारलं, बाबू, येखादी तार ढिली तं नाई झाली? तपासायला म्हणून त्यांनी माझी गिटार जाहिदच्या हातात दिली.

आणि ती गायली. बाहेर पानठेल्यावरचे लोक आत डोकावले. माझा मुद्दा सर्वांसमक्ष सिद्ध झाला. दुर्दैवाने लगेच जाहिदने तेच गाणं स्वतःच्या गिटारवर वाजवलं आणि गुणवंतराव म्हणाले, मले तं दोन्ही सारख्याच वाटून राह्यल्या. त्यांना कान नाही. मंडळी चालवायला कान लागत नसावा.

निर्णय पुढे ढकलला, पह्यले बुकिंग होऊ द्या म्हणे. निघताना जाहिद गिटारवर हात फिरवत म्हणाला, भाऊ, चीज भारी आहे, सांभाळजा. माणूस वाईट नाही, पण वाद्याच्या बाबतीत अडाणी आहे.

१३ नोव्हेंबर
आरमोरीकडच्या एका गावाची कमिटी गुणवंतरावांच्या ऑफिसात नाटक बुक करायला आली. त्यांच्या गावात शंकरपट आहे, बैलांच्या शर्यती दिवसा आणि त्या रात्री नाटक. त्यांनी नट्यांचे फोटो पाहिले, पडदे पाहिले, लाइटी पाहिल्या. मीही माझी गिटार काढून पुढे ठेवली.

त्यांच्यातले एक बुजुर्ग म्हणाले, हे काय जी? आम्ही पूरी सुपारी देऊन राह्यलो आन् तुम्ही जुना सामान आणता? पावण्यारावण्यांत गावाची इज्जत काय राहीन? मी शांतपणे सांगितलं की ही सन चौसष्टची आहे. ते म्हणाले, चौसष्टची आहे तं आतापरंत नवी काऊन नाई घेतली? यावर मासिकात काही नाही.

गुणवंतरावांनी घाईघाईने जाहिदची लाल गिटार पुढे केली. कमिटी खूश, बुकिंग पक्कं. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, बाबू, हे स्टेजवर नाई चालत. मी विचारलं, वाद्य काय रंगावरून ठरवतात? ते म्हणाले, झाडीपट्टीत ठरवतात.

निषेध म्हणून गिटार तिथेच ठेवून निघून आलो.

१७ नोव्हेंबर, रविवार
लिहवत नाही.

मंडळीचे पडदे रंगवणारा इतवारी. त्याला कळलं की रंगावरून गिटार नाकारली म्हणून बाबूंना वाईट वाटलं. तो गिटार घरी घेऊन गेला. लाल ऑइलपेंटचे दोन हात. वर सोनेरी ज्वाळा. मध्ये मोर. मोराखाली मंडळीचं नाव, सावली देऊन. मागचा नंबर पॉलिशपेपरने घासून साफ. म्हणाला, लई भोकं पडली होती जी, पुट्टी भरून सारी बुजवून टाकलो. त्यात स्पीकरची पिन लावायचं भोकही गेलं. आणि म्हणाला, पैसे नाई घेत, तुम्ही आपले.

तो इतका आनंदात उभा होता की मी छान झाली असं म्हणालो. घरी येऊन तोंड धुताना रडलो. साक्षीने चहा आणून ठेवला आणि पहिल्यांदाच स्कूटरचं नाव काढलं नाही. खूप वाईट वाटतंय.

१८ नोव्हेंबर
शांत डोक्याने विचार केला. रंग वरवरचा, आतलं लाकूड तेच. फक्त पिनचं भोक मोकळं करायचं. स्क्रू ड्रायव्हरने पुट्टी काढली. पुट्टीबरोबर आतली पट्टी आली, पट्टीबरोबर वायरी आल्या.

गिटार आता गुणगुणत नाही. एक तक्रार तर मिटली.

२० नोव्हेंबर
निवड झाली.

गुणवंतरावांना मोर फार आवडला. लव्ह सीनच्या गाण्यात हीरो माझी गिटार गळ्यात घालून उभा राहणार. मी अट घातली की गिटार हीरोच्या गळ्यात घालणं आणि काढून घेणं हे काम मीच करीन, दुसऱ्या कुणाचा हात लागता कामा नये. त्यांनी अट तात्काळ मान्य केली. कलावंताने अटी घालायला शिकलं पाहिजे. रियाजाचीही आता घाई नाही.

२३ नोव्हेंबर, शनिवार, सकाळ
काल पहिला प्रयोग. मांडव खच्चून भरला होता. मी विंगेत. गाण्याच्या आधी हीरोच्या गळ्यात गिटार घातली, पट्टा नीट केला. हीरो उजेडात गेला, ज्वाळा चमकल्या आणि शिट्ट्या सुरू झाल्या. जाहिद पडद्याआड बसून इंडोनेशियावर वाजवत होता. चांगलं वाजवत होता, हे लिहायला हरकत नाही, ही वही कोण वाचतंय. वन्स मोर आला. गिटारकडे बघत इतवारीने माझा दंड घट्ट धरला होता.

साक्षी शेजारच्या बायांबरोबर नाटक बघायला आली होती. सकाळच्या एसटीत माझ्या बाजूला बसली. मूड चांगला. आपणहून बोलली. म्हणाली, तुमची गिटार काल पह्यल्यांदा चांगली वाजली. काय गोड आवाज जी तिचा. मी उगाच तुमच्यावर चिडली. चीज खरंच भारी आहे.

मला भरून आलं. मग म्हणाली, त्या हीरोच्या हातात कशी बोलून राह्यली होती. तुमच्याच हातात काऊन नाई बोलत?

गिटारला पिन नव्हती, वाजत होती ती जाहिदची, हे एका वाक्यात सांगता आलं असतं. पण सांगितलं तर इंडोनेशियाची चांगली ठरते. नाही सांगितलं तर मी वाईट ठरतो. वडसा येईपर्यंत विचार केला.

मग म्हणालो, हीरोचा हात चांगला आहे.