मुक्तामावशीची पोस्टकार्डं

४ मार्च १९८४, सुरत

सिनेमा बघून आलो. आई सुईण झालीय त्यात. पाठीत वाकलेली, एक डोळा गेलेला! खोलीतला परंड्याचा कोंडीराम हुंदके देत होता. म्हणला, "हिला कुठंतरी बघितलंय मी." खोलीतलाच माणिकप्पा म्हणला, "गेल्या साली सिनेमात सरपंच होती, तीच का ही?" तीच! छाती फुगली. पण तोंड शिवलेलं. खोलीत माझी आई मेलेली आहे. मीच सांगितलंय.

९ मार्च

सुरतेला आलो त्याच आठवड्यात माणिकप्पा कुणाला तरी म्हणला होता, "तमाशातल्या बाईचं पोर! काय खानदान!" लगेच मला विचारलं, तुझी आई काय करती? मी म्हणलो — वारली. दोन वर्षं होत आली. अजून जीभ जळती.

तीच आई बहात्तरच्या दुष्काळात भूमला दिवसा खडी फोडायची, संध्याकाळी तिथंच गायची. एकदा राजाचं काम करणारा आलाच न्हाय, तर मिशी लावून हीच उभी राहिली. मुकादमानं मुजरा केला! तेव्हाच पंधरा वर्षं झालेली तिला स्टेजवर.

२५ मार्च

तेरखेड्याहून मुक्तामावशीचं पोस्टकार्ड. आईचं नाव न्हाय त्यात. पहिल्या दिवाळीपासून आईची पाकिटं बंद, मावशीची कार्डं सुरू. लिहून देणारा गावचा मास्तर तोच. बरंच आहे — कार्ड सगळी खोली वाचती. पण लई लागतं.

१२ एप्रिल

चौदा एप्रिलच्या जयंतीला आईची तमाशाची कंपनी इथंच! सगळी खोली जाणार. तिच्यासाठी माझ्याच मागावर विणलेली निळी साडी पेटीत आहे. पण स्टेजवर आहेर देणाऱ्याचं नाव माइकवर पुकारतात.

१५ एप्रिल

भिकारीण, वकील, आंधळा म्हातारा — तिन्ही आईच! शेवटी टोपी काढली तेव्हा लोकांना कळलं. साडी घेऊन पुढं गेलो. नाव विचारलं. सांगून टाकलं.

"मच्छिंद्र, भिमाबाईंचा मुलगा, तेरखेडा!"

माणिकप्पा उठला. म्हणलं, आता आलं बोलणं. तर गडी उभ्यानं टाळ्या वाजवतोय!

१६ एप्रिल

आईला गाडीत बसवलं. खिडकीतून म्हणली, "तुझा कोंडीराम पहिल्या दिवाळीला फटाके न्यायला तेरखेड्यात आलता. घरी येऊन मलाच म्हणला, मच्छिंद्रची आई गेली, लई वाईट झालं. मी म्हणलं, व्हय बाबा. मी तिची बहीण, मुक्ता."

गाडी हलली.

"तवापासून कार्डंबी तिच्याच नावानं धाडली. काम बरं झालं का रं?"